हाललं की इस्कटतं

रंगनाथने कुंचला दातांत धरला, हात पायजम्याला पुसले आणि कॅमेऱ्याची चावी पिळली.

"चाल आता. हंडा घे नि चाल."

विजयमाला चालली नाही. डोक्यावर पदर, कमरेवर हंडा, श्वास कोंडलेला, अशी ती अंगणात ताठ उभी राहिली. लग्नात कोपरगावच्या फोटोवाल्याने तिला असंच उभं केलं होतं, आणि एकदा शिकलेलं ती विसरणारी नव्हती.

"अगं, ह्यो फोटू न्हाई, शिनेमा हाय. हाल की!"

"हाललं की इस्कटतं," ओठ न हलवता ती म्हणाली.

रंगनाथने कपाळावर हात मारला. बायकोच्या एका दिवसावर छोटासा सिनेमा काढायचा, हा ध्यास त्याला सहा महिने झोपू देत नव्हता. आधीची रिळं मुंबईहून धुऊन आली, तर त्यांत बायकोसकट अख्खी आळी खांब होऊन उभी! हलत होती ती एक कोंबडी. आता शेवटचं थोडं रीळ उरलं होतं, आणि कॅमेरा होता पाटबंधारे खात्याच्या साहेबांचा. साहेबांची बदली झालेली, संध्याकाळच्या एस.टी.ने ते चालले होते.

त्यात जत्रेच्या नाटकाचा पडदाही आजच द्यायचा. नाटकमंडळीचा म्होरक्या छगन सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून बसला होता.

"पेंटर, ह्ये खूळ सोडा. बाग कुटं हाय माजी? राजाला काय उघड्या माळावर बसवू?"

"केळी तेवढ्या ऱ्हायल्यात, छगनराव."

एक केळ रंगवायची, एक नजर बायकोवर टाकायची, असा त्याचा जीव दोन्हीकडे टांगलेला. चार दिवसांपूर्वी पडद्याच्या मांजरपाटाला गव्हाच्या पिठाची खळ दिली तीही तशाच तंद्रीत. खळीत विषारी मोरचूद घालायचं, म्हणजे जनावर तोंड लावत नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं. ह्या वेळी नेमकं तेच राहिलं. शेवटची केळ रंगवून, पडदा कुंपणावर वाळत टाकून तो पुन्हा बायकोकडे वळला.

"पेंटर! शेळी!" छगन किंचाळला.

शेजारच्या बायडाबाईची शेळी राजाच्या बागेत शिरली होती आणि केळी कोपऱ्यापासून पद्धतशीर खात होती. विजयमालाने हंडा टाकला आणि धाव घेतली. पडद्याचं एक टोक शेळीच्या तोंडात, दुसरं तिच्या हातात. पदर कुठे, अंबाडा कुठे! शेळीने टोक एकदम सोडलं तशी ती धपकन खाली बसली, आणि रंग माखलेल्या हातांनी पोट धरून हसायला लागली.

रंगनाथही धावला होता. अर्ध्या वाटेत तो थांबला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. आपली चार दिवसांची मेहनत जाताना त्याला धडधडीत दिसत होती, आणि इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

"आरं, हाकला की तिला! काय बघतायसा?" वहाण उगारून छगन ओरडला. कॅमेरा त्याच्याकडे वळताच त्याने तोंड मिटलं, टोपी सारखी केली आणि वहाण तशीच वर धरून तो निश्चल उभा राहिला. शेळीने तेवढ्यात आणखी एक केळ संपवली.

कॅमेऱ्यात खट्‌ झालं. रीळ संपलं.

मग कुठे तिघांनी मिळून शेळीला हाकललं. विजयमालाने जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलं आणि रंगनाथने त्यावर झरझर कुंचला फिरवला.

छगनने मान तिरकी केली. "राजाच्या बागेत शेळी?"

"खाल्लं तिनं, मग ऱ्हावू द्या तिला."

छगनला हसू आवरेना. पडदा खांद्यावर टाकून तो गेला.

रंगनाथ कॅमेरा टॉवेलात गुंडाळू लागला. विजयमाला अंबाडा घालत जवळ आली. हसून हसून तिचे डोळे अजून ओले होते, पण चेहरा पडला होता.

"अवो, शेवटचं रीळ हुतं न्हवं? माजा फोटू पार इस्कटला आसंल."

रंगनाथने रीळ खिशात जपून ठेवलं आणि खिशावर हात धरला.

"व्हय," तो म्हणाला, "पार इस्कटला."