आधी खोट, मग खोली

"आधी खोट बघा, मग खोली. पटली तर बॅग वर न्या."

हा आवाज ऐकून सव्वीस वर्षं झाली. आजही सुईत दोरा ओवून पुस्तक शिवायला बसले, की तो माझ्या उजव्या कानाशी येऊन बसतो. उजव्याच, कारण डाव्या कानाचं दार लहानपणीच्या एका तापानं लावून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आत्याबरोबर मोठ्या शहराच्या मुख्य स्टेशनात उतरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका मोठ्या छापखान्यात, पुस्तकबांधणीच्या खात्यात, मला कामासाठी बोलावलं होतं. काम मला येत होतं. आमच्या गावच्या छापखान्यात दोन वर्षं केलं होतं. पण तिथं कानाचं लपवलं होतं. एक दिवस मालकांनी डाव्या बाजूनं तीनदा हाक मारली आणि मी मान वर केली नाही. "माजलीय पोरगी," म्हणाले. खरं कळल्यावर राग निवेल असं वाटलं होतं, तर तो वाढलाच. दोन वर्षं फसवलंस म्हणाले, आणि कामावरून काढलं. तेव्हापासून आठ महिने घरी होते, आणि माझी बोटं कागदावाचून कोरडी पडली होती.

"नव्या ठिकाणी कानाचा क सुद्धा काढायचा नाही," आत्यानं गाडीत तिसऱ्यांदा बजावलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडली तर?"

"उघडायची कशाला? मूठ आहे, डबा नाही."

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि एका माणसानं आत्याच्या बॅगेचा दुसरा पट्टा धरला. "गरम पाणी, मऊ गादी, मोकळी हवा!" असं म्हणत त्यानं आम्हाला 'राजमहाल' नावाच्या इमारतीत नेलं. खोलीला जांभळा मखमली पडदा होता. मोकळी हवा बघावी म्हणून आत्यानं तो ओढला. मागे भिंत.

"अहो, खिडकी कुठाय?"

"पडदा आहे ना," तो म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी खोली चांगली होती. भाडं ऐकून आत्या म्हणाली, "आम्हाला एक रात्र झोपायचंय हो, इमारत विकत नकोय." आणि उतरली खाली.

ऊन कललं होतं. बॅगा जड होत चालल्या होत्या, आणि आत्याच्या चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात आला होता. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत एक अरुंद, तीन मजली इमारत रुळांकडे पाठ करून उभी होती. पायरीवर साठीची एक बाई उशीचा अभ्रा शिवत बसली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा. गल्लीत सगळे तिला किल्लीताई म्हणत. तिनं आम्हाला हाक मारली नाही, बॅगेला हात लावला नाही. आत्यानं विचारलं तेव्हा दात लावून दोरा तोडला, उठली, आणि ते वाक्य म्हणाली.

मग ती पुढे, आम्ही मागे.

"तिसरी पायरी हलते. कडेला पाय ठेवा. हा नळ रडका आहे, जोरात पिळला की गप्प बसतो. दार ठेंगणं, डोकं सांभाळा. खिडकी नीट लागत नाही, फटीत कागद खोचलाय. आणि मुख्य म्हणजे, पहाटे पाच दहाची गाडी या भिंतीला खांदा घासून जाते. तिच्यानंतर या खोलीत आजवर कोणी झोपलेलं नाही. म्हणून भाडं निम्मं."

जिना अरुंद होता. तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून मी दर वळणावर जागा बदलत होते, कधी आत्याच्या पुढे, कधी मागे. माझी ती सवयच होती. कोणाच्या लक्षात येत नसे.

"अहो ताई," आत्या म्हणाली, "या खोलीत चांगलं काही आहे की नाही?"

"ते तुम्हाला दिसेल आपोआप. त्याला माझी गरज नाही."

दिसलं. ती खाली गेली आणि खोली हळूहळू बोलायला लागली. चादरीला उन्हाचा वास होता आणि तिचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले होते. कडीला तेल दिलेलं होतं. आरसा थोडा खाली टांगलेला, म्हणजे दमलेल्या माणसाला पलंगावर बसल्या बसल्या केस विंचरता यावेत. खिडकीच्या फटीतला कागदसुद्धा उगीच चुरगाळून कोंबलेला नव्हता; चार घड्या घालून, कडा जुळवून बसवलेला होता. मी घड्यांची माणूस. त्या कागदापाशी मी किती तरी वेळ उभी राहिले. आत्या तोवर खोलीचे सगळे कानेकोपरे तपासून पलंगावर टेकली होती. "या बाईनं खोट सांगून सांगून शोधायला काही शिल्लकच ठेवलं नाही गं," ती जराशी हिरमुसून म्हणाली.

सकाळी आत्यानं मला गदागदा हलवलं तेव्हा उजेड झाला होता. तिचे डोळे लाल झाले होते.

"गाडी गेली की पलंगावरून गेली गं! सगळा मजला उठून बसला, आणि तू कुंभकर्णाची धाकटी बहीण!"

मी उजवा कान उशीत दाबून झोपले होते. असं झोपलं की जग माझ्यापुरतं थांबतं. गरम पाण्याची बादली घेऊन किल्लीताई दारात उभी होती. तिनं माझ्या उजव्या गालावरची उशीची वळी पाहिली. पाहिली आणि बादली खाली ठेवली.

आवरून मी बॅग घेऊन निघाले, मागोमाग आत्या, तर ती जिन्याच्या तोंडाशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. हात चालू, ओठांत ओवी:

*दार माझं ठेंगणं, उंबरा गं झिजलेला*
*वाकून जो आत येई, त्याचा शीण विझलेला*

"चला, खालपर्यंत येते," म्हणाली. ती माझ्या डावीकडे होती. दोन पायऱ्या उतरली, थांबली, मागून वळसा घालून माझ्या उजवीकडे आली, आणि मग बोलायला लागली.

एवढंच. पण मी कठडा धरून उभी राहिले. घरात माझ्यासाठी आई ओरडून बोलायची, आत्या बाही ओढायची. दोघींचीही माया खरी. पण न विचारता, न दाखवता, नुसती बाजू बदलून कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. आल्यागेल्याची चादर बदलावी तितक्या सहज तिनं ते केलं.

"ताई," मी विचारलं, "तुम्ही खोट आधी का सांगता? माणसं निघून जात नाहीत?"

"जातात की. दहातली चार जातात." किल्ल्या खुळखुळल्या. "पण पोरी, खोट मी दाखवली तर ती खोलीची असते. त्यांना सापडली तर ती माझी होते. मग खोली कितीही झाडली, तरी ती जात नाही."

हलणाऱ्या पायरीवर आम्ही तिघी कडेनं उतरलो.

छापखान्याचं बांधणीखातं शाळेच्या सभागृहाएवढं होतं. मुख्य बाई उंच, करड्या केसांच्या, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांनी माझ्यापुढे छापील कागद टाकले. मी घड्या घातल्या, हाडाच्या पट्टीनं दाबल्या, जुळवल्या, शिवल्या. आठ महिने रुसलेली बोटं वासरासारखी हुंदडली. बाईंनी शिवण उलटसुलट पाहिली, अंगठ्यानं ताणून पाहिली.

"छान. सोमवारपासून ये. पहिला महिना कापणीच्या मशीनवर, गठ्ठे लावायला." त्यांनी बोट दाखवलं. लांब पातं, चकचकीत. "पातं खाली यायच्या आधी मशीनवाला 'हात!' म्हणून ओरडतो. ओरडला की हात मागे. बाकी सगळं शिकवता येतं, एवढं मात्र ऐकलंच पाहिजे."

मशीनवाला मशीनच्या डाव्या टोकाला उभा होता.

आत्याची बोटं माझ्या दंडावर घट्ट आवळली. काम हातात आलं होतं. मूठ तेवढी झाकायची होती. बाई हजेरीच्या कार्डावर माझं नाव लिहायला वळल्या. मला मखमली पडदा आठवला, आणि त्यामागची भिंत. मग जिन्यातली ती दोन पावलं आठवली, डावीकडून उजवीकडे आलेली.

मी आत्याकडे पाहिलं. ती पात्याकडे बघत होती. तिची बोटं माझ्या दंडावरून हळूहळू सुटली.

"बाई," मी म्हणाले, "नाव लिहायच्या आधी माझी खोट बघा. मला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही."