साहेब गेल्यावरही मी सातला उठायचो

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि अंबरनाथच्या एका घरात मला भूत ठरवलं गेलं होतं. हसू नका.

शेजारच्या शहरातल्या कॅम्प पाच वस्तीतल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले. चिंतामणी साहेबांनी मला घरी आणलं. कारखान्यातून संध्याकाळी सातला आले की बूट काढून ते थेट माझ्यासमोर बसायचे. ते वारले आणि माझी वायर उपटली गेली. वर्षभर अंगावर पांढरी चादर होती, प्रेतावर घालतात तशी.

मग त्यांची लेक अनुया आली. "आई, हा फेकायचा नाही. हलकी, फुकटातली सिस्टीम टाकते. पळेल बघ."

फोटो पेन ड्राइव्हवर काढून तिने माझी डिस्क कोरी केली आणि लिनक्स टाकलं. नुसतं टाकून भागत नाही. तिने अपडेट घेतले, मराठी कीबोर्ड बसवला, वायफाय जोडला, घड्याळ लावलं. साहेबांचं माझ्यात काही उरलं नाही. संध्याकाळी तिने मला बंद केलं, वायर मात्र जोडलेलीच ठेवली.

सात वाजले. कोणी हात न लावता मी जागा झालो. पंखा घरघरला. पडद्याचा उजेड साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर पडला. देवापुढे दिवा लावणाऱ्या अनुयाच्या आईच्या, कुमुदिनीबाईंच्या हातून काडेपेटी पडली.

"अहो?" त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या.

मीही घाबरलो. डिस्क कोरी, मग आतून मला हलवतंय कोण?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाई माझ्यासमोर हात जोडून कबूल करू लागल्या, "आपल्या धाकट्या राजसीचं लग्न नीट लावीन हो." "गावच्या देवाला जाऊन येईन." मी उठतच राहिलो.

बदलापूरहून त्यांचा मुलगा पुष्कर आला. त्याचा या घरावर कधीपासून डोळा. म्हणाला, "आई, दहाव्याला कावळा शिवला नाही की काय करतो आपण? इच्छा पुरी करतो म्हणतो ना? बाबांचा जीव या घरात अडकलाय. विकते म्हण, सुटतील."

"दादा, येडा झालायस का?"

"तुझं लिनक्स-बिनक्स बाजूला ठेव. एवढं पुसलंस, तरी उठतोय ना?"

बाईंनी हात जोडले. ओठ हलले. "अहो, घर..."

"आई, थांब!" अनुयाने मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि डिलीटचं बटण दाबून धरलं. सिस्टीमच्याही खाली, माझ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरली. "हे बघ. रोज सातला आपोआप सुरू. बूट काढेपर्यंत हा तयार असावा म्हणून बाबांनी गजर लावलाय. मी पुसली ती डिस्क. हा बोर्डात राहिला, त्यावरच्या छोट्या गोल बॅटरीच्या जिवावर."

बाईंनी पडद्यावरचा सातचा आकडा वाचला. मग मुलाकडे वळल्या. "जीव अडकलाय खरा, पुष्कर. पण ह्यांचा नाही, तुझा. घर विकायचं नाही. अनू, तो गजर काढ. झोपू दे त्यांना."

आता बाई स्वतः बटण दाबतात तेव्हाच मी उठतो.

मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात घालू नका आणि त्याच्यापुढे हातही जोडू नका. उघडा, आत काय चालू राहिलंय ते बघा. आणि एक ध्यानात ठेवा. मेलेली माणसं काही मागत नाहीत. मागणारी जिवंत असतात, आणि ती रिकाम्या खुर्चीत नाही, तुमच्या शेजारी बसलेली असतात.