नारिंगीला खोकला किती?

देवरावला हिरवा आणि पिवळा यांतला फरक कळत नसे, आणि अख्ख्या प्रतापनगरात लव्हबर्डच्या रंगांचा जाणकार म्हणून नाव होतं ते त्याचंच. आता बोला!

याच डोळ्यांपायी रेल्वेने त्याला इंजिनावरून उतरवून मालधक्क्यावर कारकून केलं होतं. लोकांना त्याने ‘बढती मिळाली’ असं ठोकून दिलं होतं. खरं काय ते ठाऊक एकट्या बायकोला, सिंधूताईला. कोणी पिंजरा घेऊन आलं की ती मागे उभी राहून खोकायची. एकदा म्हणजे हिरवा, दोनदा म्हणजे पिवळा. निळा-पांढरा त्याला दिसायचा. आणि पंखावरच्या रेषा, गळ्याचे ठिपके तर तो असे वाचायचा की भलेभले चूप बसत. संत्री मात्र सिंधूताईच आणायची. त्याने आणली की सगळी कच्ची निघत.

त्र्याहत्तर साली शाळेच्या हॉलमध्ये लव्हबर्डांचं प्रदर्शन भरलं अन् देवरावला पंच नेमलं. तो धावतच घरी आला.

“भर लोकात चुकलो त नाक कापलं जाईन वं. बढतीचंही भांडं फुटन.”

“मी हावो ना जी मागं,” सिंधूताई म्हणाली.

प्रदर्शनात सगळं झकास चाललं होतं. शेवटी वाडीचा गोदामवाला चंद्रभान आला. त्याने पिंजऱ्यावरचा टॉवेल ओढला अन् हॉलभर “अरे बाप रे!” असा गलका उठला.

देवरावने पाहिलं. कशाचं बाप रे? त्याला काहीच वेगळं दिसेना. त्याने कान मागे लावले. सिंधूताई खोकली. एकदा, दोनदा, तीनदा... सात, आठ! थांबेचना बाई. असा आकडा ठरलेलाच नव्हता.

“बोला देवरावजी,” चंद्रभान मिशीत हसला, “हा रंग कोणता?”

देवराव पिंजऱ्यापाशी वाकला. शेवटी त्याने खोकल्याचा नाद सोडला अन् रेषा धरल्या. पंखावर पुसट, करड्या रेषा होत्या. हिरव्याला त्या काळ्याभोर असतात, आणि लाल डोळ्याच्या पिवळ्याला नसतातच.

“साधा पिवळा,” तो म्हणाला. “असे पैशाला पासरी भेटतात.”

“साधा?” चंद्रभान खवळला. “साऱ्या हॉलले संत्र्यावानी नारिंगी दिसून राहिला, अन् तुमाले पिवळा? डोळे फुटले काय तुमचे?”

लोक हसू लागले.  संपलं सगळं, देवरावला वाटलं. तेवढ्यात गलक्याने बिथरलेला पक्षी फडफडत पाण्याच्या वाटीत पडला. बाहेर निघाला तो अर्धा पिवळा होऊनच, आणि वाटीतलं पाणी नारिंगी!

“वा रे पंच!” कोणीतरी ओरडलं. “रंगाच्या आतला रंग पाहते हा माणूस!”

चंद्रभान पिंजरा उचलून सटकला. टॉवेल तिथेच राहिला.

घरी आल्यावर देवरावने विचारलं, “आठ आठ खेपा काहून खोकलीस वं?”

“मंग काय करू? नारिंगीले आपून खोकला ठरवलाच नाही ना!” म्हणत सिंधूताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

देवरावला एकदम भरून आलं. इतकी वर्षं ही बाई आपल्यासाठी घसा झिजवत आली, अन् आपण तिला कधी काय आणलं? दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम बाजारात गेला आणि डझनभर संत्री घेऊन आला.

“घे. एकएक पिकलेलं पाहून आणलं.”

सिंधूताईने पिशवीत पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. अन् हळूच एकदा खोकली.