‘मच्छर’चा नोव्हेंबर अंक

साहेब दोन दिवस आधीच येतोय, ही बातमी घेऊन रायसा धावत आली तेव्हा मी चुलीपाशी गोठलेली शाई वितळवत बसले होते.

“अग्निया, तीन स्लेजगाड्या! नदीच्या वळणावर दिसल्यात. तासाभरात इथं. ‘मच्छर’ आत्ता कुणाकडं आहे?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

‘मच्छर’ म्हणजे आमचं मासिक. सरकारनं आम्हां चौदा राजकैद्यांना हद्दपार करून येनिसेई नदीच्या काठी, या बर्फात आणून टाकलं, आमची पुस्तकं काढून घेतली, पत्रं फोडली. हसण्यावर बंदी घालायचं तेवढं राहून गेलं. दर महिन्याला एकच प्रत निघायची. वहीचे कागद, साखरेच्या ढेपेवरच्या निळ्या कागदाचं मुखपृष्ठ, जाळं विणायच्या दोऱ्याची शिवण. मजकूर माझा, चित्रं माझ्या नवऱ्याची, वेनियामीनची. वाचून झालं की शेवटच्या पानावर सही करायची आणि अंक पुढच्या घरी द्यायचा, म्हणजे तो कुणाकडं आहे ते कळेल. ही अक्कल माझी. अंकच सापडला नाही तर सह्यांचं पानही सापडणार नाही, हे या दीडशहाणीला सुचलं नाही.

एरवी मी एवढी घाबरले नसते. पण या अंकात खुद्द साहेब होता. जिल्ह्याचा पोलीस अधिकारी, छातीवर पदकं लावलेलं अस्वल होऊन गुहेत घोरतोय, आणि अंगावर गोधडी आमच्या अर्जांची, ठिगळाला ठिगळ जोडून. खाली मी त्याचंच आवडतं वाक्य लिहिलं होतं: ‘वसंतात बघू!’

आणि त्याच साहेबाच्या एका सहीवर वेनियामीनचा जीव होता. त्याला रक्ताच्या गुळण्या होत होत्या. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “वसंत बघायचा असेल तर याला दक्षिणेला हलवा.” दक्षिणेकडच्या मिनुसिन्स्कला जायची मंजुरी वरून आली होती. साहेबानं ‘हरकत नाही’ लिहून सही केली की उद्या परतणाऱ्या गाडीतून तो जाणार होता. मी त्याचे मोजेसुद्धा बांधून ठेवले होते.

रायसानं वाचून अंक आमच्यातल्याच प्लातोन साव्विचना दिला होता; त्यांच्यापुढचं तिला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या दारात जाऊन थडकले. म्हातारा निवांत मासा साफ करत होता.

“मासिक? ते कालच दिलं की.”

“कुणाला?”

“ज्याला हसायची सगळ्यात जास्त गरज, त्याला.”

“आजोबा, कोडी नकोत. कुणाला?”

“अहो बाई, तेरेंतीला!”

तेरेंती म्हणजे आमच्यावर नेमलेला शिपाई. दिवसातून दोनदा आम्हाला मोजायचा आणि वहीत रेघा ओढायचा. अक्षरओळख नव्हती, पण चित्रांचा भारी शौक. वर्षभर तो ‘मच्छर’ बघून सहीच्या जागी फुली मारत होता आणि आम्हाला त्याचं कौतुक होतं. शिपायाला हसवल्याचा केवढा तो अभिमान!

तेरेंती चावडीसमोर गळ्यात पिशवी अडकवून, बटणं लावून ताठ उभा होता.

“मासिक कुठाय?” मी पुटपुटले.

“घरी, उशीखाली. बायको अस्वल बघून हसतेय हसतेय, थांबेचना. तुम्ही उगाच घाबरता, बाई.”

मी त्याच्या घरी पळाले. बायकोनं उशी उचलली. खाली निळ्या कागदाची वही होती. उघडली तर आत रेघाच रेघा. हजेरीची वही! तीही मीच शिवून दिली होती, त्याच कागदात, त्याच दोऱ्यानं. काखेत कळसा म्हणतात तसं, ‘मच्छर’ तेरेंतीच्या पिशवीत होता.

मी परत चावडीवर पोचले तेव्हा गाड्या दारात उभ्या होत्या. आत साहेब चहा पीत बसला होता. वेनियामीनचा अर्ज त्याच्यासमोर, लेखणी शाईत बुडवलेली. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

“आधी हजेरी,” साहेब म्हणाला.

तेरेंतीनं निळी वही पुढं केली. मी हातातली वही उंचावली, पण उशीर झाला होता. साहेबानं पान उलटलं, मग दुसरं. तिसऱ्यावर थांबला. त्याचा चेहरा लाल होत गेला.

आणि साहेब हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“गोधडी! अर्जांची गोधडी! अरे, हा मीच की! कुणी काढलं?”

साहेबानं अर्जाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“तुमचा नवरा ना? चित्रकार म्हणून नोंद आहे. बाई, सहा महिने मी या बर्फात फिरतो, कुणी हसवत नाही हो. असा कसबी हात मी मिनुसिन्स्कवाल्यांना देऊ?”

“साहेब, त्याला रक्त पडतंय. पाया पडते तुमच्या.”

“चूल पेटती ठेवा. लाकडं मी पाठवतो. पुढचा अंक मला हवा. आणि अर्जाचं…” त्यानं अर्जाची घडी करून खिशात घातली, अस्वलाकडं बघून डोळे मिचकावले आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, “वसंतात बघू!”

मग त्यानं विचारलं, या शेवटच्या पानावर सह्या कसल्या? तेरेंतीनं खुशीत सांगितलं. साहेबानं बुडवलेली लेखणी उचलली आणि तेरेंतीच्या फुलीखाली लफ्फेदार सही केली.

घरी वेनियामीन उशीला टेकून बसला होता. मोजे पायात घालून तयार.

“सही झाली?”

“झाली,” मी म्हणाले.

“आणि मासिक? त्यानं पाहिलं की काय?”

“पाहिलं. पोट धरून हसला.”

वेनियामीनचा चेहरा उजळला. “खरंच? अस्वलाला?” त्यानं दोनदा विचारलं, आणि मी दोन्हीदा हो म्हणाले.