खाकीसाठी ठोकलेला खिळा

मिमिदूला अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला त्याच दिवशी तिच्या आईनं बाहेरच्या खोलीच्या भिंतीत एक खिळा ठोकला. पदवी झाली की वर्षभर राष्ट्रसेवा, सेवेचा खाकी गणवेश आणि त्या गणवेशातला फोटो. नायजेरियातल्या मकुर्डी शहरात सुशिक्षित घराची खूणच ती. शेजारच्या न्गुपेरच्या आईकडे तर असे दोन फोटो होते, आणि पाहुणा बसेल त्याच्या बरोब्बर समोर ते लावलेले होते. तेव्हा मिमिदू बावीस वर्षांची होती आणि अभ्यासक्रम चार वर्षांचा होता.

चाराची आठ झाली. मधली चार प्राध्यापकांच्या संपांनी खाल्ली. प्रत्येक संपानंतर वर्ग भरला की मागणी-पुरवठ्याच्या रेषा पुन्हा पहिल्यापासून काढायच्या, कारण शिकणारेही विसरलेले असायचे आणि शिकवणारेही. आता येत्या चौदा तारखेला तिला तीस पूर्ण होणार होती. त्याआधी पदवी मंजूर झाली नाही तर खाकी विसरायची; सेवेतून सूट दिल्याचा एक कागद हातात ठेवतात आणि वाटेला लावतात. पदव्या मंजूर करणारी सभा नऊ तारखेला होती. घोडं अडलं होतं प्रबंधावरच्या एका सहीपाशी.

आईकडे तोडगा तयार होता. “कोर्टात जाऊ, वयातली दोन वर्षं कमी करून आणू. सगळेच आणतात. ती न्गुपेर तुला कडेवर घेऊन फिरायची, आज कागदावर तुझ्याहून धाकटी आहे!”

“कमी केली तर ती दोन वर्षं मी कुठे होते म्हणून सांगू, आई?” मिमिदू म्हणाली. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तिच्या प्रबंधाचा विषय होता पेट्रोलच्या रांगा. माणूस रांगेत थांबतो तेव्हा त्याचं जे काम बुडतं, ते त्या थांबण्याचं मोल; तेच तिनं मोजलं होतं. मार्गदर्शक डॉक्टर अकाहार यांनी तिसरं प्रकरण तीनदा परत पाठवलं होतं. सात तारखेला ती पुन्हा त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. सर आले तेव्हा दुपार कलली होती.

“पुन्हा तू?” कुलूप काढत सर म्हणाले. “अगं, त्या प्रकरणात अजून काहीतरी सुटतंय. कुणाचा तरी वेळ तू धरलेलाच नाहीस.”

“माझा, सर.” ती उठलीसुद्धा नाही. “दोनशे सात माणसांना विचारलं. टॅक्सीवाले, मासळीवाल्या, एक न्हावी. सगळ्यांचा तास न् तास धरला. मी या बाकावर एकोणीस दिवस बसलेय. घालू का तक्त्यात?”

सरांनी आत जाऊन पेन शोधलं, सही केली आणि फाइल स्वतः कचेरीत नेऊन दिली. येताना म्हणाले, “नऊच्या यादीत तुझं नाव गेलं. जा आता, झोप काढ.”

ती खरंच झोपली, कधी नव्हे ती गाढ.

आठ तारखेला दुपारी संप जाहीर झाला आणि नऊची सभा रद्द झाली. मिमिदू धावत विद्यापीठात पोहोचली तेव्हा प्राध्यापक संघटनेची बैठक नुकतीच उठली होती. अकाहार सर आंब्याखाली एकटेच उभे होते.

“सर, तुम्हीपण संपासाठी हात वर केलात?”

“केला.” त्यांनी नजर चुकवली नाही. “चार महिने पगार नाही, पोरी. माझी थोरली इथेच दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं वर्षही मी याच हातानं घालवलं.”

तिला चिडायचं होतं. चिडणं जमलं नाही. दोघंही तसेच सावलीत उभे राहिले.

चौदा तारखेला आईनं यामचा कंद उकडून कुटला, भेंडीचा रस्सा केला. दोघी जेवल्या. खिळ्याकडे कुणी बघितलं नाही.

संप पाच महिने चालला. त्यानंतर पदवी मिळाली आणि तिच्या मागोमाग तो कागद.

“काय लिहिलंय?” आईनं विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं.

“वय उलटलं, म्हणून सेवेतून सूट.”

आई कागद घेऊन बाजारात गेली, त्याला चौकट करून आणली आणि गंजलेल्या खिळ्यावर टांगली. मिमिदू नको नको म्हणत राहिली. संध्याकाळी न्गुपेरची आई मीठ मागायला आली आणि भिंतीपुढे थबकली.

“हे गं काय? खाकी कुठेय पोरीची?”

“हिला खाकीची गरज नाही म्हणाले,” चौकट सरळ करत आई म्हणाली. “सरकारनंच लिहून दिलंय तसं. चार वर्षं नुसती थांबली ना ती, तीच सेवा धरली म्हणे.”

न्गुपेरची आई हसली नाही. तिनं तो कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, मान हलवली आणि मीठ घेऊन गेली. मिमिदूनं आईचं बोलणं खोडून काढलं नाही. ती मागच्या दारी गेली, पायरीवर बसली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडली.