भुंडे हात

तोरण्याच्या उतारावरच्या धनगरवाड्यात रतन सून म्हणून आली, त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं. माहेर शिवऱ्याचं. तिच्या बापानं, कुंडलिकानं, सोयरीक ठरवताना एवढंच सांगितलं होतं की पोर जरा बुजरी आहे, पण कामाला मागं सरायची नाही. ते खरं निघालं. मेंढरं राखावीत तर रतननंच. पण घरात असली की तिला चैन पडत नसे. भाकरी थापता थापता उठायची, दारात जायची, परत यायची, लुगड्याचा पदर मानेपासून ओढून लांब धरायची. चुलीपाशी चार बायका बोलू लागल्या की हिचे हात कानांवर. कुणी जाता जाता खांद्याला बोट लावलं तरी इंगळी डसल्यासारखी बाजूला व्हायची.

सासू बयाबाई हे बघत होती आणि सोसत होती. एकच गोष्ट तिला सोसवत नव्हती. सून हातातल्या बांगड्या उतरवून ठेवायची. वेल्ह्याच्या बाजारातून चुडा भरून आणावा, की चार दिवसांत हात भुंडे आणि बांगड्या नाचणीच्या मडक्यात. बयाबाई विधवा होती. नवरा गेला त्या दिवशी थोरल्या जावेनं, धोंडाबाईनं, तिचे हात दगडावर धरून चुडा फोडला होता. मनगटावरचा वण अजून बुजला नव्हता. नवरा जिवंत असताना एखादीनं आपल्या हातानं हात भुंडे करावेत, याचा तिला राग यायच्या आधी भ्यावच वाटायचं.

पौषात तिचा एकुलता लेक गेनबा तापानं अंथरुणाला खिळला. वेल्ह्याहून आणलेल्या गोळ्यांनी ताप उतरायचा, सांजेला पुन्हा चढायचा. बयाबाई आत-बाहेर करत राहायची. अशातच धोंडाबाई गेनबाला बघायला आली आणि तिची नजर रतनच्या रिकाम्या मनगटांवर गेली. सुनेला बाहेरचं लागलंय आणि तेच नवऱ्याला खातंय, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं. चिमाजी देवऋष्याला बोलावणं गेलं. बयाबाईनं होकाराची मान हलवली. लेकापुढं तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

चिमाजी न्याहारीच्या वेळेला आला. रतनच्या हातात कोपरापर्यंत नवा चुडा भरला, दोघी बायकांनी दोन्हीकडून तिला धरलं, ऊद टाकला आणि ढोल सुरू झाला. रतन आधी नुसती पुढं-मागं हलत राहिली. मग स्वतःच्याच दंडाला कचकन चावली. आलं अंगात, असं बायका म्हणाल्या. चिमाजीनं ढोल आणखी वाढवायला सांगितला. तेव्हा रतननं हिसडा मारला, दाराची ताटी ढकलली आणि बाहेर पळाली.

बयाबाई तिच्या मागं धावली. विहिरीकडं, कड्याकडं, दोन्हीकडं बघून आली. रतनला घरात धरून ठेवलं होतं म्हणून मेंढरं अजून जाळ्याच्या कुंपणातच होती. त्यांच्या मधोमध तिला लुगड्याचा रंग दिसला. रतन मेंढरांत अंग मुडपून बसली होती. दोन्ही बाजूंनी मेंढरं तिला दाबत होती, तोंड लोकरीत खुपसलेलं होतं. आणि ती गप्प होती. वर्षभरात इतकी निवांत ती बयाबाईला कधी दिसली नव्हती.

बयाबाई वाट काढत तिच्यापाशी जाऊन बसली. "पोरी, तुला हुतंय तरी काय?" तिनं विचारलं.

रतननं वर बघितलं नाही. लोकरीत तोंड ठेवूनच म्हणाली, "आत्या, बांगड्या हातात वाजत न्हाईत. डोक्यात वाजत्यात. हात हलला की सुई आत जाती. तुमाला न्हाई का तसं हुत?"

"न्हाई."

"मला वाटायचं समद्या बायांना हुतं. समद्या सोसत्यात, म्हंजी माझ्यातच उणं हाय." ती मेंढराला आणखी बिलगली. "हलका हात लागला की मुंग्या चावत्यात. मेंढरं दाबून धरत्यात, तवा बरं वाटतं."

बयाबाईनं सुनेचा हात घेतला, घट्ट धरला. मग एकेक करून बांगड्या उतरवू लागली.

ती परतली तेव्हा ढोल चालूच होता. तिनं ढोलावर तळवा ठेवला. म्हणाली, "आक्का, थांबवा हे. पोर भुतानं न्हाई, ढोलानं पळाली."

धोंडाबाईनं विचारलं, की अशा हातांनी तिला घरात वावरू देणार का, आणि लेकाचं काही झालं तर?

"मालक गेलं तवा माझा चुडा कोपरापातूर व्हता," बयाबाई म्हणाली. "तुमीच फोडलात."

धोंडाबाई पदर सावरून उठली. त्या दिवसापासून तिनं बयाबाईचा उंबरा वर्ज्य केला.

बोलून झालं, पण बयाबाईच्या जिवाला थारा नव्हता. गेनबा खोकला की तिची नजर सुनेच्या मनगटावर जायची. एकदा तर ताप फार चढला तेव्हा ती मडक्यातून बांगड्या घेऊन रतनपर्यंत गेलीही. रतननं मुकाट हात पुढं केला. त्या पुढं केलेल्या हाताकडं बघत बयाबाई उभी राहिली आणि तशीच मागं फिरली. भाकरीला मात्र आता ती स्वतः बसू लागली, आणि बोलत बसणाऱ्या बायकांना बाहेर ओसरीवर बसवू लागली.

माघ लागता लागता गेनबाचा ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. वाड्यात सगळ्यांनी चिमाजीचं नाव घेतलं. बयाबाईनं ते कुणाला खोडून सांगितलं नाही.

गेनबा पहिल्यांदा उठून बसला, तेव्हा रतन पेज घेऊन आली होती. त्यानं हळूच तिच्या हाताला हात लावला. ती दचकली, पेज सांडली. त्याचा चेहरा पडला.

चुलीपाशी बसलेली बयाबाई मागं न बघता म्हणाली, "घट्ट धर. न्हाईतर धरू नगं."

गेनबाला काही उमगलं नाही. पण आईचं ऐकून त्यानं त्या भुंड्या मनगटाभोवती बोटं आवळली. रतन ताठ उभी राहिली. हळूहळू तिचे खांदे खाली आले.