व्हेरोनाचा डावा हात

रविवारच्या दुपारच्या जेवणाला हॉटेलात आम्ही तिघं जॅझ वाजवायचो. ड्रमवाला लेकीकडे डोंगरात राहायला गेला आणि मॅनेजर रोगेलियोला खर्च कापायची आयती संधी मिळाली. "आता एकच माणूस पुरे," तो आमच्या पियानोवालीला, व्हेरोनाला म्हणाला. "ड्रम, बास सगळं आपणच वाजवणारा कीबोर्ड घे." मी बास वाजवतो, खालचे खर्जाचे सूर. तो बोलत असताना मी शेजारीच उभा होतो, पण माझ्याकडे बघायचंही त्याच्या जिवावर आलं.

व्हेरोनाने मलाच दुकानात नेलं. "तुझे कान लागतील, युस्टेस," म्हणाली. माझीच हकालपट्टी करणारं यंत्र मी निवडायचं! राग गिळून गेलो. पनामातल्या आमच्या कोलोन शहरात तिच्यासारखं पियानो वाजवणारं दुसरं कुणी नाही, आणि तिच्या गळ्यात भंगार पडलेलं मला बघवलं नसतं.

विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने एक कीबोर्ड सुरू केला. डाव्या हाताने जी कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांची जुळणी, धराल, ती ओळखून यंत्र खाली बास वाजवतं. व्हेरोनाने संथ ब्लूज धरला आणि बास भलतीकडेच भरकटला. दुसऱ्या कीबोर्डवर तेच, तिसऱ्यावरही तेच.

"आजी, कॉर्ड चुकतेय तुमची," तो म्हणाला. "मूळ सूरच दाबत नाही तुम्ही. यंत्राला कळणार कसं?"

"तो सूर याचा आहे." तिने माझ्याकडे मान वळवली. "एकतीस वर्षं तिथे बोट ठेवलं नाही मी."

"मग आता ठेवा. सोपं आहे."

तिने ठेवलं. बास लगेच ताळ्यावर आला. स्वच्छ, एकही चूक नाही. खरं सांगतो, आता घरी जाऊन काय करायचं, तेच मला सुचेना.

"बघा, जमलं की," विक्रेता खूश झाला.

"जमलं ना," व्हेरोनाने हात उचलला. "म्हणूनच नको. फक्त बास बंद करायचं बटण समोरच असलेला कीबोर्ड यातला कुठला? दहा ठिकाणी शोधायला लावणारा दाखवू नकोस. आणि जिना चढताना मला एकटीला उचलता आला पाहिजे."

तसा एकच होता, दिसायला साधा. वाद्यांचे आवाज मोजकेच, पण तारांच्या ब्रशने वाजवलेला ड्रम कानाला खरा वाटत होता. तोच घेतला.

रविवारी मी बास घेऊन आत शिरताच रोगेलियो आडवा आला. "एकच माणूस म्हणालो होतो."

"ड्रमवाला गेला, त्याच्या जागी हा डबा आणलाय," व्हेरोना म्हणाली. "युस्टेस कुठे गेलाय? हा काय उभा आहे."

"बाई, ऐकणार नसाल तर हा तुमचा शेवटचा रविवार."

मी बास उचलून निघालो होतो. माझ्यापायी तिचं काम जावं, एवढा मी निलाजरा नाही.

"युस्टेस, खाली ठेव तो," ती जरबेने म्हणाली. मग रोगेलियोकडे वळली. "शेवटचा ना? मग आज घाई नाही. स्वयंपाकघरात सांगून ठेव, नारळाचा भात जास्त लागेल. लोक लवकर उठायचे नाहीत."

तिने कीबोर्डचा बास बंद करून नुसता ड्रम सुरू केला. आम्ही अंधार पडेपर्यंत वाजवलं. रोगेलियो दोनदा येऊन उभा राहिला, दोन्ही वेळा तिने लय वाढवली.